मँगो स्ट्रीटवरील बिऱ्हाड

मराठींत घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द एका अर्थाचे नाहींत. घर बांधतात, घर बसतें, घर बुडतें. बिऱ्हाड करतात, हलवितात, आणि विंचू तर तें पाठीवर घेऊनच हिंडतो. भाड्याच्या खोलींत तीस वर्षें काढलेला मनुष्य त्या खोलीस बिऱ्हाडच म्हणतो, आणि वर्षांतून एकदां ज्या गांवीं जातो तेथील पडक्या भिंतींस घर म्हणतो. सँड्रा सिस्नेरोस यांचें 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' हें पुस्तक इंग्रजींत लिहिलेलें आहे आणि त्यांतील माणसें मनांतल्या मनांत स्पॅनिश बोलणारीं आहेत; तथापि तें वाचतांना आम्हांस पदोपदीं असें वाटलें कीं, याचा खरा विषय या दोन मराठी शब्दांमधील अंतर हाच आहे. शिकागोसारख्या अफाट शहरांत स्पॅनिशभाषी लोक कोठें बिऱ्हाड करतात, त्या बिऱ्हाडाचें घर कां होत नाहीं, आणि झालेंच तर तें किती दिवस टिकतें, हा या पुस्तकाच्या पोटांतील प्रश्न आहे. त्याचें उत्तर पुस्तक कितपत देतें, हें पाहण्याचा येथें उद्देश आहे.

पुस्तक आकारानें लहान आहे. १९८४ सालीं ह्यूस्टन येथील आर्ते पुब्लिको या प्रकाशनसंस्थेनें तें प्रथम काढलें. त्यांत चव्वेचाळीस प्रकरणें आहेत आणि त्यांतील कित्येक एक-दोन पानांतच संपतात. कथानक म्हणावें असें थोडेंच. एस्पेरान्सा कोर्देरो ही मेक्सिकन कुळांतील शाळकरी मुलगी आपल्या गल्लीची हकीकत सांगते, इतकेंच. मँगो स्ट्रीटवर येण्यापूर्वीं या कुटुंबानें लूमिस, कीलर, पॉलिना अशा रस्त्यांवर बिऱ्हाडें केलेलीं आहेत. त्याआधींचीं तर मुलीस धड आठवतही नाहींत. लूमिसवरील जागेचे नळ फुटतात, घरमालक ते दुरुस्त करीत नाहीं, आणि कुटुंबास घाईनें घर विकत घ्यावें लागतें. आईबापांनीं मुलांस ज्या घराचीं वर्णनें ऐकविलेलीं असतात त्यांत मोठें अंगण असतें, घराच्या आंतून चढणारा जिना असतो, तीन तरी न्हाणीघरें असतात. मिळतें तें घर लहानसें, तांबडें, अरुंद पायऱ्यांचें. विटा झिजलेल्या, अंगण नाहीं, न्हाणीघर एकच. लूमिसवर असतांना शाळेंतील एक जोगीण रस्त्यानें जात असते. ती वर बोट करून, तूं तेथें राहतेस काय, असें मुलीस विचारते. त्या 'तेथें' या एका शब्दानें मुलीस आपण कोणीच नाहीं असें वाटतें. स्वतःचें घर पाहिजे ही तिची इच्छा त्या प्रश्नांतून उत्पन्न झालेली आहे. आणि मँगो स्ट्रीटवरील घर कायदेशीरपणें स्वतःचें असूनही तें तिला 'घर' वाटत नाहीं, याचें बीजही तेथेंच आहे. दस्तऐवज हातीं आला म्हणून बिऱ्हाडाचें घर होत नाहीं, हें लेखिकेनें पहिल्या दोन पानांतच सिद्ध केलें आहे, आणि तेंही एकही मोठा शब्द न वापरतां.

मँगो स्ट्रीट हा रस्ता कल्पित आहे. वस्ती मात्र कल्पित नाहीं. सिस्नेरोसबाईंचा जन्म १९५४ सालीं शिकागोंत झाला. वडील मेक्सिकोंतून आलेले, गाद्याखुर्च्या मढविण्याचा त्यांचा धंदा. बाई अकरा वर्षांच्या असतांना कुटुंबानें हम्बोल्ट पार्कनजीक कॅम्पबेल रस्त्यावर घर घेतलें. हा भाग मेक्सिकनांचा नव्हता; तो पोर्तो रिकोच्या लोकांचा होता. या गोष्टीकडे पुस्तकाचे बहुतेक वाचक दुर्लक्ष करतात व 'मेक्सिकन मोहल्ल्याचें चित्र' असा शिक्का त्यावर मारून मोकळे होतात. वास्तविक गल्लींतील शेजारी पाहावे: तळघरांत राहणारें लुईचें कुटुंब पोर्तो रिकोचें, त्याची चुलतबहीण मारिन तेथलीच आणि तिचा नियोजित वरही तिकडेच राहिलेला. एस्पेरान्सा त्यांच्यांत राहते, त्यांच्याशीं खेळते, परंतु ती त्यांच्यांतली नव्हे. पुस्तकांतील एकटेपणाचा एक थर यांतून आला आहे असें आम्हांस वाटतें.

'हिस्पॅनिक' हा एकच शब्द सर्वांस लावण्याची सोय सरकारी आहे. अमेरिकेच्या खानेसुमारींत हा प्रश्न सर्वांस विचारण्यास आरंभ झाला तो १९८० सालीं, म्हणजे हें पुस्तक निघण्याच्या अवघ्या चार वर्षें आधीं. २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें शिकागोच्या सुमारें साडेसत्तावीस लाख वस्तींत या सदराखालीं पडणारे लोक जवळजवळ तीस टक्के आहेत. पण सदर एक असलें तरी दैव एक नाहीं. पोर्तो रिकोचा मनुष्य १९१७ पासून अमेरिकेचा नागरिक आहे. त्यास हांकलून देतां येत नाहीं, फक्त घराबाहेर काढतां येतें. मेक्सिकन मनुष्याच्या डोक्यावर सरहद्द नेहमींच टांगलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आगगाडीच्या रुळांवर, कत्तलखान्यांत व पोलादाच्या भट्ट्यांत काम करण्यास त्यास बोलावून आणलें, आणि १९३० नंतरच्या मंदींत त्यांतील हजारोंस परत पाठविलें. 'आडनांव नसलेला हेराल्दो' या प्रकरणांत हें सर्व दीड पानांत आलें आहे. मारिन एका तरुणाबरोबर नृत्य करते. त्याच रात्रीं गाडीखालीं सांपडून तो मरतो. त्याचें आडनांव कोणास ठाऊक नसतें. दोन खोल्यांचीं बिऱ्हाडें, नुसत्या झोंपण्यापुरत्या भाड्यानें घेतलेल्या जागा, दर आठवड्यास गांवीं जाणारी मनीऑर्डर, यांचा लेखिका केवळ नामनिर्देश करते. गांवाकडचीं माणसें वाट पाहतील, आणि मग तो उत्तरेकडे गेला तो गेलाच असें म्हणून गप्प बसतील. या पुस्तकांतील हें सर्वोत्कृष्ट प्रकरण होय. मनीऑर्डरीवर जगलेल्या कोंकणांतील वाचकास तें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

शिकागोंत कोण कोठें राहतो याचा अभ्यास त्याच शहराच्या विद्यापीठांत झाला. १९२५ सालीं रॉबर्ट पार्क व अर्नेस्ट बर्जेस यांचा 'द सिटी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत बर्जेस यांनीं शहराची एक आकृति काढली आहे: मध्यभागीं व्यापारपेठ, तिच्याभोंवतीं पडझडीचा व परक्यांचा पट्टा, मग कामगारांचीं घरें, मग सुखवस्तूंचीं, आणि सर्वांत बाहेर गाडीनें ये-जा करणाऱ्यांचीं. नवा आलेला मनुष्य आंतल्या पट्ट्यांत उतरतो आणि पैसा गांठीं जमतांच बाहेरच्या पट्ट्यांत सरकतो. आकृति सुबक आहे व पुष्कळ अंशीं खरीही आहे. पण तींत सारें आपोआप घडतें. तळ्यांत दगड टाकला असतां वर्तुळें पसरावीं तशीं माणसें पसरतात. दगड कोणी टाकला हें आकृति सांगत नाहीं.

आतां हीच आकृति एस्पेरान्साच्या तोंडून ऐकावी. गल्लींतील कॅथी नांवाची मुलगी तिच्याशीं मैत्री करावयास तयार होते, पण फक्त येत्या मंगळवारपर्यंत. कारण मंगळवारीं कॅथीचें बिऱ्हाड हलणार असतें. वस्ती बिघडत चालली आहे, असें ती सहज बोलून जाते, आणि हें आपण कोणास सांगत आहों याचें तिला भान राहत नाहीं. एस्पेरान्साच्या ध्यानांत येतें कीं, आपल्यासारखे लोक येतील तसतसें कॅथीच्या घरच्यांस जरा आणखी उत्तरेकडे, जरा आणखी लांब सरकावें लागणार. बर्जेस यांच्या पट्ट्यांची सगळी मीमांसा येथें एका मंगळवारांत बसली आहे. भेद इतकाच कीं, येथें सरकणाऱ्यास तोंड आहे, आणि ज्याला पाहून तो सरकतो त्यालाही. समाजशास्त्रज्ञांनीं जें नैसर्गिक मानलें तें मुलीच्या दृष्टीस शेजाऱ्याच्या मनांतील एक लहानशी क्रूरता म्हणून दिसलें. आणखी एका प्रकरणांत ती सांगते कीं, बाहेरचे लोक आमच्या गल्लींत शिरले म्हणजे भितात, आणि आम्ही दुसऱ्या रंगाच्या वस्तींतून गाडीनें गेलों म्हणजे आमचेही गुडघे कांपतात. येथें ती स्वतःसही सोडीत नाहीं, हें विशेष.

परंतु दगड कोणी टाकला, या प्रश्नाचें उत्तर एस्पेरान्साजवळही नाहीं. इतिहासाजवळ तें आहे. मध्यपेठेच्या नैर्ऋत्येस पिल्सन नांवाचा भाग आहे. बोहेमियांतील एका शहरावरून चेक लोकांनीं त्यास हें नांव दिलें. पुढें चेक लोक पश्चिमेस सरकले; आधीं सव्विसाव्या रस्त्याच्या बाजूस, मग सिसेरो व बर्विन या शेजारच्या गांवांत. ज्या बाविसाव्या रस्त्याला समांतर ते सरकले त्यास पुढें सर्माक या चेक नगराध्यक्षाचेंच नांव देण्यांत आलें. त्यांच्या रिकाम्या घरांत मेक्सिकन आले. आणि पुढच्या पिढींत तेही त्याच रस्त्यानें त्याच गांवांकडे गेले. आज सिसेरोंत दहांपैकीं जवळजवळ नऊ माणसें स्पॅनिशभाषी कुळांतलीं आहेत. येथवर बर्जेस यांची आकृति बरोबर लागू पडते. परंतु मेक्सिकन पिल्सनमध्यें एकाएकीं एवढ्या संख्येनें कां आले? त्यांची जुनी वस्ती पेठेच्या पश्चिमेस, जेन अॅडम्स यांच्या हल हाउस या सुप्रसिद्ध सेवागृहाच्या आसपास होती. इलिनॉय विद्यापीठाची नवी शाखा नगरसत्तेनें नेमकी तेथें आणली. फ्लॉरेन्स स्काला या बाईंनीं इटालियन, ग्रीक, मेक्सिकन अशा सर्व शेजाऱ्यांस एकत्र करून विरोध केला, तो फुकट गेला. १९६५ सालीं विद्यापीठ उघडलें. हल हाउसच्या इमारतींपैकीं दोन तेवढ्या राहिल्या. माणसें दक्षिणेस पिल्सनमध्यें गेलीं.

पोर्तो रिकोच्या लोकांचीही कथा तशीच. लिंकन पार्क या सरोवराजवळच्या भागांत ते राहत होते; नगरसुधारणेच्या नांवाखालीं तेथील जुनीं घरें पाडलीं गेलीं, भाडीं चढलीं, आणि ते पश्चिमेस हम्बोल्ट पार्ककडे ढकलले गेले. याच अन्यायाविरुद्ध यंग लॉर्ड्स नांवाच्या तरुणांच्या टोळीनें राजकीय रूप घेतलें व १९६९ सालीं तेथील एका धर्मशिक्षणसंस्थेचा ताबा घेतला. त्याआधीं, १९६६ च्या जून महिन्यांत, एका पोर्तो रिकन तरुणावर पोलिसानें गोळी झाडल्यामुळें डिव्हिजन स्ट्रीटवर मोठा दंगा झाला होता. सिस्नेरोस कुटुंब या रस्त्याच्या जवळ राहावयास आलें तो काळ साधारण हाच. पुस्तकांत या कशाचाही उल्लेख नाहीं.

हें मौन दोष मानावें काय? स्टुअर्ट डायबेक यांच्याशीं तुलना केली तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो. डायबेक हे पोलिश कुळांतले, याच पिल्सनच्या परिसरांत वाढलेले. त्यांच्या 'द कोस्ट ऑफ शिकागो' (१९९०) या संग्रहांत 'ब्लाइट' नांवाची कथा आहे. पिकावर पडणाऱ्या करप्यास इंग्रजींत जो शब्द आहे तोच अमेरिकन नगरसत्ता पाडण्याजोग्या वस्तीस लावते. कथेंतील वस्तीवर असा शिक्का बसतो, आणि तेथील पोरें त्या शिक्क्याचा अर्थ लावीत, थट्टा करीत मोठीं होतात. म्हणजे डायबेक यांच्या गल्लींत सरकारी कागद येऊन पडतो. सिस्नेरोसबाईंच्या गल्लींत तो कधींच येत नाहीं. तेथें नळ फुटतात, मालक ढिम्म बसतो, शेजारी निघून जातात, पण कोणी सही केली हें दिसत नाहीं. आमच्या मतें बालनिवेदिकेच्या मर्यादेंत हें मौन बव्हंशीं योग्यच आहे. शाळकरी मुलीनें नगररचनेवर व्याख्यान दिलें असतें तर पुस्तक तेथेंच मेलें असतें. आणि एका ठिकाणीं लेखिकेनें या मौनास मोठ्या खुबीनें तडा दिला आहे. अॅलिशिया नांवाची मैत्रीण एस्पेरान्सास बजावते कीं, तुला आवडो वा न आवडो, तूं मँगो स्ट्रीटचीच आहेस आणि तुला परत यावेंच लागेल. कोणी ही गल्ली सुधारील तेव्हां येईन, असें उत्तर मिळतें. मग दोघींस प्रश्न पडतो: सुधारणार कोण, नगराध्यक्ष? आणि नगराध्यक्ष मँगो स्ट्रीटवर येईल या कल्पनेनेंच त्यांस हंसूं फुटतें. ज्यांच्या वडीलधाऱ्यांच्या वस्त्या नगरसत्तेनें बुलडोझर लावून 'सुधारल्या', त्या मुलींचें हें हंसणें आहे. त्यांस इतिहास ठाऊक नाहीं, पण हंसूं बरोबर ठिकाणीं येतें.

दोष निराळे आहेत. पहिला उपमांचा. ढग, केस, बूट, झाडें, जें दिसेल त्यास लेखिका उपमेचें झबलें घालते. कांहीं प्रकरणांत उपमा वजा केली तर हातीं कांहींच उरत नाहीं. दुसरा दोष अधिक गंभीर. पुस्तकाच्या अखेरीस तीन वृद्ध बहिणी कोठूनशा अवतरतात, मुलीच्या मनांतील इच्छा ओळखतात, आणि येथून गेलीस तरी ज्यांना तुझ्याइतक्या सहज जातां येत नाहीं त्यांच्यासाठीं परत ये, असें तिला सांगतात. ज्या पुस्तकानें इतका वेळ नळ, विटा आणि भाडीं यांवर पाय रोवून ठेवले होते तें येथें एकदम परीकथेच्या हवेंत उडूं लागतें. उलट, तिसऱ्या मजल्यावर बसून राहणारी, इंग्रजी बोलण्यास नकार देणारी, गांवाकडील गुलाबी घरासाठीं झुरणारी ती स्थूल मामासिता पाहा. हेंच आपलें घर, असें नवरा तिच्यावर ओरडतो. तिचें तान्हें मूल जाहिरातींतलें इंग्रजी गाणें म्हणूं लागतें तेव्हां तिला रडूं कोसळतें. बिऱ्हाडाचें घर होण्यास आरंभ झाला तो या क्षणीं, आणि तोच तिच्या दुःखाचाही क्षण. येथें परीची गरज पडली नाहीं.

या पुस्तकाचा उगम कसा झाला, ही हकीकत सिस्नेरोसबाईंनीं स्वतःच अनेकदां सांगितली आहे. आयोवा येथील लेखनशाळेंत शिकत असतां गास्तों बाशलार या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या घरविषयक ग्रंथावर चर्चा चालली होती. पोटमाळा, तळघर, आठवणींचे कानेकोपरे, यांविषयीं सहाध्यायी रंगून बोलत होते. आणि बाईंच्या मनांत आलें कीं, ज्या घरास पोटमाळा नाहीं आणि ज्याची आठवण म्हणजे भाड्याची खोली, त्याचें काव्य कोणीं लिहिलें? बाशलार यांचा ग्रंथ घराविषयीं आहे, बिऱ्हाडाविषयीं नाहीं. ही उणीव त्या वर्गांत त्यांनाच दिसली. पुढें त्यांनीं टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथें ऐतिहासिक म्हणून राखलेल्या भागांत घर घेतलें व तें गर्द जांभळ्या रंगानें रंगविलें. १९९७ सालीं ऐतिहासिक वास्तूंच्या समितीनें त्यावर हरकत घेतली: या भागाच्या इतिहासांत हा रंग बसत नाहीं. बाईंचें म्हणणें असें कीं, हा रंग मेक्सिकन लोकांचाच आहे, तुमच्या इतिहासांत आमचे लोक नोंदलेले नाहींत इतकेंच. हा वाद आम्हांस या पुस्तकाचें पंचेचाळिसावें प्रकरण वाटतो, आणि कांहीं छापील प्रकरणांपेक्षां तो सरस आहे.

आज हें पुस्तक वाचणारास एक अडचण पडते, ती लेखिकेस १९८४ सालीं पडली नव्हती. पुस्तकाचा सारा ताण जाण्यावर उभारलेला आहे. गल्ली धरून ठेवते, नायिका सुटूं पाहते. राहणें ही शिक्षा, जाणें ही मुक्ति. आणि जे अडकले त्यांच्यासाठीं परतण्याचें वचन. राफाएला नांवाची एक शेजारीण पुस्तकांत आहे. ती सुंदर म्हणून नवरा तिला कोंडून ठेवतो, आणि ती खिडकींतून दोरी सोडून मुलांकडून नारळाचा वा पपईचा रस मागविते. अशांसाठीं एस्पेरान्सा परत येणार आहे. परंतु मधल्या चाळीस वर्षांत शहराचा वारा फिरला. पिल्सन ज्या भागांत मोडतें त्याची वस्ती २००० सालीं सुमारें ४४ हजार होती, ती २०१० सालीं ३६ हजारांच्या आंत आली; जे कमी झाले ते बहुतेक मेक्सिकनच. हम्बोल्ट पार्कमध्यें पोर्तो रिकोच्या लोकांनीं १९९५ सालीं डिव्हिजन स्ट्रीटवर आपल्या ध्वजाच्या दोन प्रचंड पोलादी कमानी उभारल्या, त्या रस्त्यावरील आपला हक्क सर्वांस दिसावा म्हणून. २०१५ सालीं तेथून थोड्याच अंतरावर जुन्या आगगाडीच्या उंच रुळमार्गाचें उद्यान झालें, आणि त्याच्या दोन्ही अंगांनीं घरांच्या किंमती चढल्या. २०२१ सालीं नगरसभेनें या उद्यानालगतच्या व पिल्सनच्या भागांत जुनीं राहतीं घरें पाडणारांवर जादा आकार बसविला. म्हणजे ज्यांना जातां येत नव्हतें त्यांना आतां राहतां येईना, हें नगरसत्तेनेंही कबूल केलें. ज्या गल्लींतून सुटणें हें पुस्तकाचें स्वप्न होतें, तिच्यांत टिकून राहणें हें आज तेथील माणसांचें स्वप्न झालें आहे.

यामुळें पुस्तक जुनें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. उलट कॅथीचें प्रकरण आतां दुहेरी धारेचें झालें आहे. त्या वेळीं मंगळवारीं गाडी भरून उत्तरेस गेलेल्या कॅथीचीं नातवंडें आज त्याच गल्लींत घर पाहावयास येत असतील, विटा जुन्या आहेत म्हणून खूष होत असतील. एस्पेरान्सा आपलीं पुस्तकें आणि कागद घेऊन वचनाप्रमाणें परत आली, तर राफाएलाच्या खिडकीमागें तिला दुसरेंच कोणी दिसेल. राफाएलाचा शोध तिला पश्चिमेकडे, बाविसाव्या रस्त्याच्या पार टोकास, बर्विनच्या किंवा त्याच्याही पलीकडच्या एखाद्या तळमजल्यावर घ्यावा लागेल. आणि तेंही राफाएलाचें बिऱ्हाड तेथून अद्याप हललें नसेल तर.